घटक ४ : दादासाहेब फाळके – मूकपटातील दृश्यविनोद आणि एका कलावंताचे चरित्र

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस –
• दादासाहेब फाळके यांच्या आयुष्यातील प्रमुख टप्पे सांगता येतील.
• दृश्यविनोद म्हणजे काय, हे मूकपटाच्या संदर्भात स्पष्ट करता येईल.
• फाळके यांचे लघुपट आणि 'कालिया मर्दन' हा चित्रपट यांतील विनोदाची रचना उलगडून दाखवता येईल.
• चरित्र आणि कलाकृती यांचा परस्परसंबंध कसा जोडावा व कोठे थांबावा, याचा विचार करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, मागील घटकांत आपण विनोदाचा विचार प्रामुख्याने शब्दांच्या अंगाने केला. कोटी, श्लेष, अतिशयोक्ती, उपहास ही शब्दाश्रयी विनोदाची साधने आपल्या परिचयाची आहेत. परंतु संस्कृत साहित्यशास्त्रकारांनी हास्यरसाची कारणे सांगताना विकृत वाणीबरोबरच विकृत आकार, विकृत वेष आणि विकृत चेष्टा यांचाही उल्लेख केला आहे. या चारांपैकी वाणी वगळली, तर उरतात त्या तीन गोष्टी डोळ्यांनी पाहावयाच्या आहेत. मूकपटाचा विनोद या तिन्हींवर उभा असतो. दशावतारातील संकासुर, तमाशातील सोंगाड्या, गावोगाव फिरणारा बहुरूपी यांना हसणारा मराठी प्रेक्षक अशा विनोदाला अपरिचित नव्हता. नवे होते ते यंत्र.

भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून दादासाहेब फाळके यांचे नाव सर्वतोमुखी आहे. तथापि त्यांची ओळख बहुधा पौराणिक चित्रपटांपुरती मर्यादित राहते. 'राजा हरिश्चंद्र', 'लंकादहन', 'श्रीकृष्णजन्म' ही नावे आपण पाठ करतो. पण याच माणसाने 'पिठाचे पंजे', 'आगकाड्यांची मौज', 'प्रोफेसर केळफा यांच्या जादू' यांसारख्या छोट्या गमतीच्या चित्रफिती काढल्या होत्या, हे आपण विसरतो. चरित्रातील हा दुर्लक्षित धागा हाती धरून त्यांचे आयुष्य पाहिले, तर त्यांच्या पौराणिक चित्रपटांकडेही वेगळ्या दृष्टीने पाहता येते. प्रस्तुत घटकात आपण तसा प्रयत्न करणार आहोत.

४.२ जडणघडण

४.२.१ त्र्यंबकेश्वर ते बडोदा

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील गोविंद सदाशिव ऊर्फ दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्यासंगी विद्वान होते. आईचे नाव द्वारकाबाई. घरातील वातावरण शास्त्री-पंडितांचे असल्याने पुराणे, कीर्तने, व्रतवैकल्ये यांचे संस्कार लहानपणीच झाले. पुढे दाजीशास्त्री मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात अध्यापनासाठी गेले आणि कुटुंबही मुंबईत आले. धुंडिराजाचा ओढा मात्र पोथीपेक्षा चित्रकलेकडे अधिक होता. १८८५ मध्ये त्यांनी सर ज. जी. कलाशाळेत प्रवेश घेतला आणि त्यानंतर बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले.

कलाभवनातील वास्तव्य त्यांच्या दृष्टीने निर्णायक ठरले. तेथे चित्रकला, शिल्प, वास्तुकला यांबरोबरच छायाचित्रण आणि त्याची रासायनिक प्रक्रिया त्यांनी आत्मसात केली. हाताने काढलेले चित्र आणि यंत्राने टिपलेले चित्र या दोन्हींचा अभ्यास एकाच वेळी झाल्यामुळे डोळ्याला काय दिसते आणि काय दिसल्यासारखे वाटते, यांतील अंतराचे त्यांना भान आले. दृश्यविनोदाचा उगम याच अंतरात असतो, हे येथे लक्षात ठेवावे.

४.२.२ गोध्रा आणि प्रोफेसर केळफा

शिक्षणानंतर फाळके यांनी गोध्रा येथे छायाचित्रकार म्हणून व्यवसाय सुरू केला. त्या काळात प्लेगने मुंबई इलाख्यात थैमान घातले होते. १९०० मध्ये या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल दोघेही गेले. तिशीतला हा तरुण उद्ध्वस्त होऊन पुन्हा बडोद्यास आला. तेथेही छायाचित्रणाचा धंदा नीट चालेना. कारण छबी काढून घेतल्याने शरीरातील शक्ती जाते, अशी लोकांची समजूत होती. पोटासाठी त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले. याच सुमारास दौऱ्यावर आलेल्या एका युरोपीय जादूगाराकडून ते हातचलाखीचे प्रयोग शिकले आणि १९०१ मध्ये स्वतः रंगमंचावर जादूचे खेळ करू लागले.

या खेळांसाठी त्यांनी घेतलेले नाव मोठे सूचक आहे. 'फाळके' या शब्दातील अक्षरे उलट क्रमाने मांडली की 'केळफा' होते. फाळके यांचे प्रोफेसर केळफा झाले. ओळखीची वस्तू केवळ उलटी करून तिला अनोळखी आणि गमतीदार बनवणे, हे विनोदाचे एक मूलभूत तंत्र आहे. ते त्यांनी प्रथम स्वतःच्या आडनावावर वापरले.

चरित्रलेखनात येथे एक मोह होतो. घरातील दुःखामुळेच हा माणूस लोकांना रिझवू लागला, असे विधान करणे सोपे आहे. तसे सिद्ध करणारा पुरावा आपल्यापाशी नाही. मात्र दोन घटना एकमेकींच्या पाठोपाठ घडल्या आणि पुढील आयुष्यातही संकटानंतर काहीतरी नवे करून पाहण्याचा त्यांचा स्वभाव दिसून येतो, एवढे म्हणता येते. चरित्राच्या अभ्यासकाने कोठवर जावे, याचे हे उदाहरण आहे.

४.३ छापखान्याकडून पडद्याकडे

१९०२ मध्ये फाळके यांनी गिरिजा करंदीकर यांच्याशी विवाह केला. विवाहानंतर त्यांचे नाव सरस्वती झाले. पुढील सर्व उपक्रमांत सरस्वतीबाई पतीच्या बरोबरीने उभ्या राहिल्या. १९०३ पासून काही काळ फाळके पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक होते. ती नोकरी सोडून त्यांनी मुद्रणव्यवसायात उडी घेतली. लोणावळ्यास सुरू झालेला छापखाना पुढे मुंबईस आला. राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या शिळामुद्रणाचे कामही त्यांनी केले. रंगीत छपाईचे अद्ययावत तंत्र जाणून घेण्यासाठी १९०९ मध्ये ते जर्मनीस गेले. व्यवसाय भरभराटीस आला असतानाच भागीदारांशी मतभेद झाले आणि ते रिकाम्या हाताने बाहेर पडले.

वयाच्या चाळिशीत, हाताशी उद्योग नसताना, १९११ च्या सुमारास गिरगावातील एका तंबूवजा चित्रपटगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालताना-बोलताना पाहून आपल्या राम-कृष्णांना असेच सजीव करता येईल, हा विचार त्यांच्या मनात रुजला. त्यानंतर ते झपाटल्यासारखे चित्रपट पाहू लागले. अतिश्रमाने दृष्टी गेली; उपचारांनंतर ती परत आली.

त्या काळी एका खेळात अनेक छोट्या चित्रफिती एकापाठोपाठ दाखवल्या जात आणि त्यांत गमतीच्या फितींचा भरणा मोठा असे. म्हणजे देवादिकांची चित्रे पडद्यावर आणण्याचा ध्यास घेतलेला हा माणूस त्याच वेळी जगाचा दृश्यविनोदही पाहत होता. येथे पार्श्वभूमी म्हणून काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. फ्रान्समधील ल्युमिए बंधूंनी १८९५ मध्येच बागेला पाणी घालणाऱ्या माळ्याची फजिती दाखवणारी छोटी फीत काढली होती. एक पोर नळीवर पाय देते, पाणी थांबते, माळी नळीच्या तोंडात डोकावतो, पोर पाय काढते, पाण्याचा फवारा माळ्याच्या तोंडावर येतो. एवढीच कथा, पण दृश्यविनोदाचे सर्व घटक तीत आहेत. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए यांच्या चित्रांचा खेळ झाला. फ्रान्समध्येच जॉर्ज मेलिएस या व्यवसायाने जादूगार असलेल्या कलावंताने माणसे गायब करणाऱ्या, वस्तूंना पाय फुटवणाऱ्या शेकडो चित्रफिती काढल्या. आपल्याकडे कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन काचेवरील रंगीत चित्रांना 'शांबरिक खरोलिका' या खेळातून हालचाल देत होते. जादू आणि चलच्चित्र यांचे नाते असे जगभर जुळत होते.

४.४ अंकुराची वाढ

१ फेब्रुवारी १९१२ रोजी फाळके लंडनला निघाले. तेथे 'बायोस्कोप' या साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांनी त्यांना मार्गदर्शन केले आणि चित्रपटनिर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या कलागृहातील काम पाहण्याची संधी मिळवून दिली. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फितीला छिद्रे पाडण्याचे व छपाईचे यंत्र आणि कच्च्या फितीची मागणी एवढी सिद्धता करून ते एप्रिलमध्ये परतले.

भांडवल कोणी सहजासहजी देईना. तेव्हा त्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले, कॅमेरा समोर ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ ठराविक अंतराने एकेक चौकट टिपली. 'अंकुराची वाढ' ही ती चित्रफीत होय. मातीतून कोंब वर येतो, पाने उलगडतात, वेल डोलू लागते आणि हे सर्व काही क्षणांत. ही चित्रफीत पाहून भांडवलदार तयार झाले. शिवाय फाळके यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, सरस्वतीबाईंनी दागिने दिले.

ही फीत विनोदी नाही. परंतु तिच्यातून फाळके यांना काळ हे साहित्य म्हणून हाताळता येऊ लागले. महिना काही क्षणांत बसवता येतो, क्षण लांबवता येतो, क्रम उलटा करता येतो. विनोदाला याच गोष्टीची गरज असते. शाब्दिक विनोदात ज्याला आपण टायमिंग म्हणतो, ते मूकपटात चौकटींच्या संख्येने ठरते. माळ्याच्या तोंडावर पाणी उडण्यास फार उशीर झाला तर प्रेक्षक कंटाळतो. फार लवकर उडाले तर त्याला वाट पाहण्याचा आनंद मिळत नाही.

४.५ राजा हरिश्चंद्र : हेतू आणि हसू

'राजा हरिश्चंद्र'चे चित्रीकरण दादर येथे मथुरादास मकनजी यांच्या बंगल्यात झाले. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले आणि फाळके यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. अखेर एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांची निवड झाली. सरस्वतीबाई साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करीत आणि रात्री अंधारात कच्च्या फितीला छिद्रे पाडीत.

बाह्यचित्रणासाठी मंडळी वांगणीस गेली. तळोजा-पनवेल परिसरातील विद्यार्थ्यांना हे ठिकाण दूरचे नाही. चंदेरी-माथेरानच्या डोंगररांगेच्या पलीकडे ते आहे. येथे घडलेला एक प्रसंग सांगितला जातो. तलवारी, भाले, मुकुट घेऊन आलेली ही मंडळी पाहून गावकऱ्यांना ते दरोडेखोर वाटले आणि त्यांनी पोलिसांना वर्दी दिली. नटांनी परोपरीने सांगूनही अधिकाऱ्यांचा विश्वास बसेना, कारण चित्रपट म्हणजे काय हेच कोणास ठाऊक नव्हते. शेवटी फाळके आले आणि चित्रीकरण कसे होते ते दाखवल्यावर सुटका झाली. वेष एक, माणूस दुसराच, आणि पाहणाऱ्याचा समज तिसराच! पडद्यावरील विनोदाची ही सामग्री कॅमेऱ्याच्या मागेही हजर होती.

२१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात चित्रपट लोकांसमोर आला. त्याच कार्यक्रमात नृत्य, विनोदी प्रवेश आणि पायांनी कसरत करणारा कलावंत यांचाही समावेश होता. सत्यवचनी राजाची करुण कथा आणि हसवणारे खेळ यांना त्या वेळच्या प्रेक्षकाने एकाच तिकिटात सामावून घेतले.

या चित्रपटाचा जो भाग आज उपलब्ध आहे, त्यात तारामती आपल्या सख्यांसह जलक्रीडा करीत असल्याचे दृश्य आहे. सर्व स्त्रिया म्हणजे लुगडी नेसलेले पुरुष आहेत. भिजलेल्या वस्त्रांत त्यांचे पुरुषीपण लपत नाही आणि आजचा प्रेक्षक येथे हमखास हसतो. येथे एक महत्त्वाचा भेद करावा लागतो. विकृत वेषातून हसू निर्माण होते, हे खरे. परंतु फाळके यांचा हेतू हसवण्याचा नव्हता. त्या काळच्या मराठी रंगभूमीवर स्त्रीपार्टी नटांची परंपरा प्रतिष्ठित होती आणि प्रेक्षकांनी तो संकेत स्वीकारला होता. संकेत लोपला की गंभीर दृश्यही विनोदी वाटू लागते. म्हणून दृश्यविनोदाचे विश्लेषण करताना हेतुपुरस्सर विनोद आणि कालांतराने उद्भवलेले हसू यांची गल्लत करू नये.

४.६ गमतीच्या चित्रफिती

'राजा हरिश्चंद्र'च्या यशानंतर १९१३ मध्येच फाळके यांनी आपले बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला हलवला. पुढचा चित्रपट 'मोहिनी भस्मासुर'. यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी काम केले आणि पडद्यावर स्त्री आली. या चित्रपटाला जोड म्हणून 'पिठाचे पंजे' ही छोटी विनोदी चित्रफीत दाखवण्यात आली. चार्ली चॅप्लिनचा पहिला चित्रपट फेब्रुवारी १९१४ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. म्हणजे मूक विनोदपटांचा बहर जगात जेव्हा सुरू होत होता, जवळजवळ तेव्हाच मराठी माणूस नाशिकमध्ये आपली गमतीची फीत तयार करीत होता.

मुख्य चित्रपट आणि जोडफीत यांची ही मांडणी आपल्या नाट्यपरंपरेशी सुसंगत आहे. गंभीर नाटकानंतर प्रहसन दाखवण्याची पद्धत मराठी रंगभूमीवर होतीच. फाळके यांनी परदेशी यंत्रावर देशी रिवाज चालवला, असे म्हणता येईल.

त्यांच्या इतर लघुपटांचे स्थूलमानाने तीन गट पडतात.

अ) माहितीपर : नाशिक-त्र्यंबक परिसरातील देखावे, वेरूळची लेणी, सिंहस्थ मेळा इत्यादींचे चित्रण.

आ) चमत्कृतिपर : 'प्रोफेसर केळफा यांच्या जादू', 'लक्ष्मीचा गालिचा', 'आगकाड्यांची मौज'. रंगमंचावरील जुने नाव त्यांनी येथे पुन्हा वापरले आणि स्वतः जादूगार म्हणून पडद्यावर उभे राहिले.

इ) विनोदपर : 'पिठाचे पंजे' आणि त्या जातीच्या फिती.

यांपैकी दुसरा गट विशेष अभ्यसनीय आहे. आगकाडीला जीव नाही. पण तिची जागा किंचित बदलायची, एक चौकट टिपायची, पुन्हा जागा बदलायची, असे केल्यास पडद्यावर काड्या आपण होऊन हालताना दिसतात. निर्जीव वस्तूने सजीवासारखे वागणे ही विसंगती आहे आणि विसंगती हे हास्याचे एक प्रमुख कारण. याउलट माणूस यंत्रासारखा वागू लागला, तरीही हसू येते. मूकपटातील बराचसा विनोद या दोन टोकांमध्ये फिरतो.

आता एक प्रश्न विचारूया. काड्या आपोआप हालतात तेव्हा आपण हसतो. मग अशाच युक्तीने हनुमान आकाशात उडतो तेव्हा हात का जोडतो? १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये हनुमान उड्डाण करतो आणि आकाशात लहान लहान होत जातो. साळुंके यांनी त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. हा चित्रपट तुफान चालला. त्यातील चमत्कार आणि लघुपटांतील गंमत यांचे तंत्र एकाच कुळातले होते. फरक होता तो प्रेक्षकाच्या भावस्थितीत. वस्तू क्षुद्र असेल आणि तिच्याकडून काही अपेक्षा नसेल, तर अशक्य गोष्ट घडताच हास्य उत्पन्न होते. पात्र पूज्य असेल आणि अशक्य गोष्ट घडावी अशीच अपेक्षा असेल, तर अद्भुत रस उत्पन्न होतो. फाळके यांनी एकच युक्ती हास्य आणि अद्भुत अशा दोन रसांसाठी राबवली.

'चित्रपट कसे तयार करतात' या चित्रफितीत तर त्यांनी आपले कलागृहच प्रेक्षकांपुढे उघडे केले. जादूगार सहसा युक्ती सांगत नाही. फाळके यांनी ती दाखवली, कारण त्यांना प्रेक्षकांबरोबर कारागीरही घडवायचे होते.

४.७ 'कालिया मर्दन' : दृश्यविनोदाचे विश्लेषण

१ जानेवारी १९१८ रोजी भागीदारीत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीची स्थापना झाली. 'श्रीकृष्णजन्म'नंतर १९१९ मध्ये 'कालिया मर्दन' आला. कृष्णाची भूमिका फाळके यांची सुमारे सात वर्षांची कन्या मंदाकिनी हिने केली. चित्रपटाचा मोठा भाग आज उपलब्ध असल्याने फाळके यांच्या विनोदाचा प्रत्यक्ष अभ्यास येथे करता येतो.

१) मुद्राविनोद : आरंभी मंदाकिनीचा चेहरा निरनिराळे भाव दाखवतो आणि मग तिचे कृष्णात रूपांतर होते. प्रेक्षकाला आधी मुलगी दिसते, नंतर देव. त्यामुळे पुढील खोड्या पाहताना देवाच्या आडून एक खरे मूल सतत दिसत राहते.

२) खोडी आणि परतफेड : एक गवळण कृष्णाच्या सवंगड्यांवर पाणी उडवून त्यांचा अपमान करते. पोरे तिच्या घरातील लोणी पळवून सूड घेतात. ल्युमिए यांच्या माळ्याच्या फितीत कारण आणि परिणाम यांची एकच साखळी होती. येथे एका खोडीला दुसरी खोडी उत्तर देते आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याची सरशी होते, म्हणून हसण्यात समाधानही मिसळते.

३) वस्तूचा अनपेक्षित उपयोग : रात्री कृष्ण एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या शयनगृहात शिरतो आणि झोपलेल्या नवऱ्याची दाढी बायकोच्या केसांना बांधून ठेवतो. या प्रसंगाला शब्दांची गरजच नाही. दाढी हे पुरुषाच्या मोठेपणाचे चिन्ह, केस हे स्त्रीच्या सौंदर्याचे. दोहोंचा उपयोग येथे दोरीसारखा होतो. शिवाय गाठ बांधलेली आपल्याला ठाऊक आहे, त्या दोघांना नाही. प्रेक्षकाचे ज्ञान पात्राच्या ज्ञानापेक्षा अधिक असणे हे या विनोदाचे मर्म आहे. दोघांपैकी कोणीही मान हलवली की काय होणार, हे कळत असल्याने हसू आधीच फुटू लागते.

४) विनोदाकडून गांभीर्याकडे : या सर्व खोड्यांनंतर कृष्ण यमुनेत उडी घेतो. कालियाशी चाललेली झुंज आणि काठावरील व्याकूळ गोकुळवासी यांची दृश्ये आलटून-पालटून दाखवली जातात. अर्धा चित्रपट ज्या पोराला आपण हसलो, ते बुडेल की काय या भीतीने आपण कासावीस होतो. आधीचे हसू नसते, तर ही भीती इतकी खरी वाटली नसती. विनोद येथे केवळ विरंगुळा नाही; माया जडवण्याचे ते साधन आहे.

आत्मपरीक्षणासाठी प्रश्न – १
अ) दाढी आणि केस बांधण्याच्या प्रसंगात पूर्वतयारी, विलंब आणि परिणाम हे टप्पे कोणते, ते सांगा.
आ) हेतुपुरस्सर विनोद व कालांतराने उद्भवलेले हसू यांतील फरक एका उदाहरणाने स्पष्ट करा.

४.८ उत्तरायुष्य

भागीदारांशी मतभेद झाल्याने फाळके यांनी कंपनी सोडली आणि ते सहकुटुंब काशीस गेले. तेथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. तत्कालीन नाट्यव्यवसायावर त्यात उपहासात्मक टीका आहे. पडद्यावर शब्दावाचून हसवणाऱ्या या माणसाने शब्दांचा आश्रय घेतला, तेव्हा त्याच्या विनोदाला उपहासाची धार आली, हे उल्लेखनीय आहे.

१९२२ मध्ये ते कंपनीत परतले. पण काळ बदलत होता. नवे दिग्दर्शक, नवे विषय, नवी तंत्रे पुढे येत होती. १९३१ मध्ये बोलपट आला. 'सेतुबंधन' हा मूकपट म्हणून तयार झालेला चित्रपट नंतर ध्वनी जोडून दाखवावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी 'गंगावतरण' हा बोलपट केला. तो १९३७ मध्ये आला आणि त्यांचा अखेरचा ठरला.

पडदा बोलू लागला तेव्हा मूक कलावंतांपुढे सर्वत्र हाच प्रश्न उभा राहिला. चॅप्लिनने काही वर्षे शब्द टाळून पाहिले. बस्टर कीटनसारख्या श्रेष्ठ विनोदी नटाचे वैभव ओसरले. फाळके तर तेव्हा साठीला आले होते. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. ज्या उद्योगाचा त्यांनी पाया घातला, तो तोवर फोफावला होता; त्याचे जनक मात्र विपन्नावस्थेत आणि जवळजवळ विस्मृतीत गेले. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ पासून दिला जाऊ लागला.

त्यांच्या कृतींचेही असेच झाले. त्या काळची फीत नायट्रेटची असे. ती चटकन पेट घेई आणि नीट जपली नाही तर आपोआप कुजत असे. जुन्या फितीतील चांदी काढून घेण्यासाठीही अनेक चित्रपट नष्ट करण्यात आले. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांच्या प्रयत्नांनी फाळके यांच्या काही चित्रपटांचे अवशेष जतन झाले. तेथेही एक क्रम दिसतो. मोठ्या पौराणिक चित्रपटांचे तुकडे तरी हाती लागले. 'पिठाचे पंजे' आज पाहायला मिळत नाही. जे गमतीचे, ते किरकोळ. जे किरकोळ, ते जपण्याची गरज नाही, अशी आपली धारणा असते. साहित्याच्या इतिहासातही प्रहसने, वगनाट्ये, सोंगे यांच्या संहिता याच कारणाने हरवल्या आहेत.

४.९ समारोप

फाळके यांचे आयुष्य चित्रकार, छायाचित्रकार, जादूगार, मुद्रक आणि चित्रपटकार अशा वळणांनी गेले. प्रत्येक व्यवसायात त्यांना नुकसान सोसावे लागले, परंतु प्रत्येक ठिकाणी शिकलेली विद्या पुढे उपयोगी पडली. छायाचित्रणाने चौकट दिली, जादूने प्रेक्षकाची नजर कोठे वळवावी ते शिकवले, नाटकाच्या पडद्यांनी देखाव्याचे भान दिले. त्यांचा विनोद हा बाजूला ठेवण्याचा छंद नव्हता. चमत्कार आणि गंमत यांना ते एकाच हाताने घडवीत होते आणि 'कालिया मर्दन'मध्ये हे दोन्ही प्रवाह एकत्र आले. म्हणून त्यांना केवळ पौराणिक चित्रपटांचे जनक म्हणणे अपुरे आहे.

४.१० पारिभाषिक शब्द

दृश्यविनोद : शब्दांवर अवलंबून न राहता आकार, वेष, हालचाल व वस्तू यांतून निर्माण होणारा विनोद.
चौकट : चित्रफितीवरील एक स्थिर चित्र.
विसंगती : अपेक्षित आणि प्रत्यक्ष यांतील मेळ नसणे.
स्त्रीपार्ट : नाटकात पुरुषाने केलेली स्त्रीभूमिका.

४.११ स्वाध्याय

१. फाळके यांच्या पूर्वीच्या व्यवसायांचा त्यांच्या चित्रपटांवर झालेला परिणाम सोदाहरण लिहा.
२. एकच तंत्र हास्य आणि अद्भुत अशा दोन रसांना कसे उपयोगी पडते, ते स्पष्ट करा.
३. टीपा लिहा : अ) प्रोफेसर केळफा आ) 'अंकुराची वाढ' इ) सरस्वतीबाई फाळके.

४.१२ उपक्रम

आपण कामावर जाता-येता तळोजा स्थानकाच्या फलाटावर, औद्योगिक वसाहतीच्या बसथांब्यावर किंवा आपल्या गावच्या बाजारात दहा मिनिटे थांबा. लोकांचे बोलणे ऐकू येणार नाही इतक्या अंतरावरून पाहा. छत्री उलटी होणे, चुकीच्या रांगेत उभे राहणे, दोघांनी एकाच वेळी एकाच बाजूला सरकणे, असा एखादा प्रसंग निवडा आणि तो पूर्वतयारी, विलंब, परिणाम या क्रमाने पंधरा ओळींत लिहा. संवाद वापरू नका. लिहून झाल्यावर स्वतःला विचारा : आपण त्या माणसाला हसलो, की त्याच्या जागी आपणही असू शकतो हे ओळखून हसलो? या प्रश्नाचे उत्तर शेवटच्या दोन ओळींत नोंदवा.